लांबी कापा, पाणी उतरवू नका



उन्हाळवाही आटोपत आली की आमच्याकडे अवजारं बाहेर निघतात. डवरे, वखर, कल्टीव्हेटरचे फाळ, रोटाव्हेटरची पाती. आणि दरवर्षी तेच बोलणं कानावर येतं: "पास दोन इंच जास्त होऊन राहिली भाऊ, ओळीत बसत नाही. गॅसवर मारून आणतो, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचंच काम आहे, यात खोटं काही नाही. पण त्या दोन मिनिटांचे पैसे आपण पुढे निंदणाच्या मजुरीत फेडतो, आणि कशाचे फेडतो ते आपल्याला कळतही नाही. आज त्यावरच लिहितो. माझं म्हणणं सरळ आहे: कडक पोलाद घरी कापायला हरकत नाही, पण ते थंडच कापलं पाहिजे. गॅसने कापून तसंच शेतात नेऊ नये. ज्याला भट्टीत तापवायचंच आहे, त्याने त्याला परत पाणी द्यायची तयारी ठेवावी.

माझ्या घरामागे टिनाच्या शेडात एक व्हाइस, चार इंची ग्राइंडर, कानशी आणि ऐरण म्हणून एक जाड लोखंडी ठोकळा आहे. एवढ्यात काम होतं. मोठ्या वर्कशॉपची गरज नाही.

पाणी म्हणजे नेमकं काय

आपल्या भाषेत धारेला पाणी असतं. लोहार पात्याला "पाणी देतो", आणि धार मऊ पडली की आपण "पाणी उतरलं" म्हणतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात जे पानं भरून लिहिलेलं असतं, ते आपल्या लोहाराने एका शब्दात बसवलं आहे.

पोलादात लोखंडाबरोबर थोडा कार्बन असतो. ते साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं की आतली घडण बदलते आणि ते कडक होतं. तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं तडकेल. म्हणून परत थोडं तापवून चिवट करतात. कडकपणा आणि चिवटपणा यांचा असा मेळ बसवणं म्हणजे पाणी देणं.

आता हे ध्यानात घ्या: जो मेळ उष्णतेने बसवला, तो उष्णतेनेच मोडतो. चिवट करताना जेवढं तापवलं होतं, त्यापेक्षा जास्त तापवलं की पोलाद मऊ पडायला लागतं. घासून चकचकीत केलेल्या साध्या कार्बन पोलादावर हे रंगातून दिसतं. साधारण २२० अंशाला फिकट पिवळा, २५० च्या पुढे तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा, आणि त्यापुढे राखाडी. लोहाराने पाणी दिलेल्या विळ्याची धार ग्राइंडरवर निळी झाली, तर तेवढ्या जागेचं पाणी गेलं समजा.

इथे कृषी अभियंते मित्र मला अडवतील, आणि बरोबरच अडवतील. ट्रकच्या कमानीचा पाटा कारखान्यात ४०० अंशाच्या वर तापवून चिवट केलेला असतो. त्याला ३०० अंशाचा निळा रंग बाधत नाही. एचएसएसचं ड्रिल तर साडेपाचशे-सहाशे अंशापर्यंत तग धरतं. उलट रोटाव्हेटरच्या बोरॉन पोलादाच्या पात्याला कमी तापमानावर चिवट केलेलं असतं, ते लवकर मऊ पडतं. म्हणजे प्रत्येक पोलादाची सोसायची हद्द वेगळी. आपल्या हातात भंगारातला तुकडा असतो, त्यावर कोणतं पोलाद आहे ते लिहिलेलं नसतं. म्हणून मी एकच नियम पाळतो: कापताना तुकडा हाताला सोसेल एवढाच गरम होऊ द्यायचा. मग तो कोणत्याही जातीचा असो, बिघडत नाही.

गॅस कटरच्या ज्योतीखाली मात्र लोखंड ८५० अंशाच्या वर जातं, तेव्हाच तिथे ऑक्सिजनने ते जळतं आणि कापलं जातं. एवढी उष्णता वर सांगितलेल्या कोणत्याच पोलादाला सोसत नाही. कापलेल्या कडेला दोन गोष्टी होतात. अगदी कड लवकर थंड झाली तर ती कडक पण ठिसूळ बनते, आणि वरून कोणी बादलीभर पाणी ओतलं तर बारीक चिराही जातात. त्याच्या मागचा पट्टा मात्र तापून मऊ पडलेला असतो. म्हणजे टोकाला ठिसूळ आणि मागे मऊ. दगड लागला की टोक तुटतं, नुसती माती लागली की मागचा भाग झिजतो.

याचा निंदणाशी काय संबंध

डवऱ्याच्या पाशीचं टोक म्हणजे झाडाच्या जवळून जाणारा भाग. तेच आपण कापतो, आणि गॅसने कापलं तर तेच मऊ पडतं.

हिशेब करून पाहू. वरोरा, भद्रावती, चिमूर भागात सोयाबीन बहुतेक ४५ सेंटीमीटरच्या ओळीत असतं. डवऱ्याची पास ३० सेंटीमीटरची घेतली, तर दोन्ही बाजूंनी साडेसात-साडेसात, मिळून १५ सेंटीमीटरचा पट्टा डवऱ्याच्या बाहेर राहतो. तिथलं तण हातानेच काढायचं असतं. आता पाशीचे दोन्ही कोपरे अडीच-अडीच सेंटीमीटर झिजून गोल झाले, म्हणजे प्रत्येकी एकेक इंच. पट्टा १५ चा २० सेंटीमीटर झाला.

पाच सेंटीमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं. पण एका एकरात ४५ सेंटीमीटरवर पेरलेल्या ओळींची एकूण लांबी जवळपास ९ किलोमीटर भरते. ९ किलोमीटर गुणिले ५ सेंटीमीटर म्हणजे ४५० चौरस मीटर, साडेचार गुंठे. एकराचा नववा हिस्सा आपण डवऱ्याच्या कामातून काढून हाताच्या निंदणात टाकला. निंदणाचं काम एक तृतीयांशाने वाढलं. जुलैत मजूर मिळत नाही, मिळाला तर पावसाने उसंत मिळत नाही. आणि निंदणाचं काम बहुतेक बायांच्या पाठीवर असतं, हेही विसरू नये.

शिवाय बोथट पास तण कापत नाही, वरून घसरते. मुळापाशी न कापलेलं तण दोन दिवसांत परत उभं राहतं. बैलांना ओढ जास्त लागते ते वेगळंच. घरी बसून केलेलं लोखंडाचं काम असं शेतात उतरतं, म्हणून हा विषय मला वर्कशॉपवाल्यांचा वाटत नाही, शेतीचा वाटतो.

मी कसं कापतो

१. आधी ओळखा. नवी, धारदार कानस तुकड्याच्या कडेवर फिरवा. चांगली चावली तर साधं लोखंड आहे, हॅक्सॉ ब्लेडने आरामात कापा. कानस नुसतीच घसरली, काचेवर फिरवल्यासारखी वाटली, तर कडक पोलाद आहे. चावते पण जोर लागतो, तर कमानीच्या पाट्यासारखं मधलं पोलाद समजा. टोकाला एक आणि मधोमध एक असं दोन ठिकाणी पाहा, कारण पुष्कळ अवजारांत धारच कडक असते आणि बाकी भाग मऊ ठेवलेला असतो.

२. खूण करा. खडूची रेघ पहिल्या ठिणगीतच पुसते. टोकदार खिळ्याने किंवा तुटलेल्या ड्रिलच्या टोकाने ओरखडा ओढा. हव्या त्या लांबीपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त ठेवा, तेवढं शेवटी घासून काढायला लागतं.

३. तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरा, कापायची रेघ व्हाइसच्या जबड्याच्या अगदी जवळ, आणि तुटून पडणारा भाग मोकळा. दोन्ही बाजूंनी टेकू दिला तर शेवटी काप मिटतो, चकती अडकते आणि ग्राइंडर हातातून उसळतं. पायाने तुकडा दाबून कापायची आपली जुनी सवय आहे. ती सोडा.

४. चकती एक मिलिमीटर जाडीची, पातळ. जाड चकती जास्त लोखंड घासते, म्हणजे जास्त उष्णता. पातळ चकतीवर तिरका जोर मात्र अजिबात देऊ नका.

५. एका दमात आरपार जाऊ नका. रेघेवर आधी उथळ चर पाडा. चार-पाच सेकंद कापा, थांबा, ओल्या फडक्याने किंवा बादलीतल्या मगाने तुकडा थंड करा, पुसा, परत कापा. पाणी टाकताना ग्राइंडर बंद आणि बाजूला. चालत्या ग्राइंडरवर पाण्याची धार धरणारे मी पाहिले आहेत. वीज, पाणी आणि ओले हात एकत्र आणू नका. तुकडा अजून तापलेला असताना त्यावर थंड पाणी ओतणंही वाईट, कडक पोलादाला चीर जाते. म्हणून तापायच्या आधीच थांबायचं.

६. जाड पाटा असेल तर दोन्ही बाजूंनी चर पाडा. अर्ध्यापेक्षा जास्त झालं की घाई करू नका, शेवटचे दोन मिलिमीटर सर्वात लवकर तापतात, कारण उष्णतेला जायला जागा उरत नाही.

७. पूर्ण कडक, ठिसूळ तुकडा, म्हणजे एचएसएसची पट्टी किंवा कानशीसारखं काही असेल, तर चारही बाजूंनी चर पाडून तोडता येतं. व्हाइसमध्ये चरापाशी धरा, वरून जाड पोतं दोन घड्या करून गुंडाळा, आणि मग हातोडीचा एक ठोका द्या. पोतं न गुंडाळता तोडू नका. कडक पोलादाचा कपचा गोफणीच्या दगडासारखा जातो.

८. शेवटी कड हलक्या हाताने घासा, कोपऱ्यातली खरखर काढा. खरखर राहिली तर तिथूनच चीर सुरू होते.

एका पाशीला अर्धा तास लागतो. पंचवीस-तीस रुपयांची एक चकती तीन-चार पाशी काढते. गॅसपेक्षा वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण हे काम मे महिन्यातलं आहे, तेव्हा अर्धा तास सापडतो. जुलैत सापडत नाही.

आणि पाटा फारच जाड आहे, गॅसशिवाय इलाज नाही, अशी वेळ आली तर? मग गॅसने बोटभर जास्त लांब कापा, आपोआप थंड होऊ द्या, आणि तो जळका बोटभर भाग नंतर चकतीने थंड कापून टाका. पाणी उतरलेला पट्टा त्या तुकड्याबरोबर जातो. गॅसवाल्याला आधी सांगून ठेवा, तो काही नाही म्हणणार नाही.

मागून कापा, पुढून नाही

ड्रिल बिट लांब पडतं, रोटाव्हेटरच्या खाली किंवा पंपाच्या फ्रेममध्ये मशीन मावत नाही, म्हणून ते कापायची वेळ येते. बहुतेक ड्रिलची मागची दांडी पुढच्या भागापेक्षा मऊ असते. लांबी कमी करायची तर दांडीकडून करा. पुढून कापलं तर टोकाचे कोन परत हाताने काढावे लागतात, आणि ते भल्याभल्यांना साधत नाही.

भिंतीत भोक पाडायच्या बिटच्या टोकाला जी करड्या रंगाची टिकली असते, ती पोलादाची नाही, टंगस्टन कार्बाइडची असते. बोअरच्या गाडीच्या बिटवरची बटणं, लेथवाल्याच्या टूलची टीप, धान आणि गवत कापायच्या ब्रश कटरच्या गोल पात्याचे दात, हेही त्याच घरचे. टंगस्टन आणि कार्बनची ही भुकटी कोबाल्टने बांधून, भट्टीत भाजून बनवतात. धानाच्या काडीत आणि बांबूच्या सालीत सिलिका असते, साधं पोलाद त्यावर लवकर बोथट होतं, म्हणून आपल्या झाडीपट्टीत असे दात कामाला येतात. गंमत म्हणजे टंगस्टनचं खनिज आपल्या शेजारीच, नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबणा पट्ट्यात आहे, भूवैज्ञानिकांनी ते नोंदवून ठेवलं आहे.

कार्बाइडवर आपली नेहमीची चकती चालत नाही. चकतीच झिजते, कार्बाइड तसंच राहतं. त्याला हिऱ्याची चकती लागते, तीही पाण्याखाली आणि सावकाश. पण घरी हा उद्योग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची धूळ, त्यातही कोबाल्टची, फुप्फुसाला कायमची इजा करते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. कार्बाइडचं काम टूल घासणाऱ्या दुकानात द्या.

उलटी चूकही होते. टाइल कापायची हिऱ्याची चकती सगळ्यात कडक, म्हणून काही जण तीच पोलादावर लावतात. हिरा म्हणजे कार्बनच, आणि तापलेलं लोखंड कार्बन खातं. चकती लवकर खराब होते आणि तुकडा उगाच तापतो. दगडाला हिरा, पोलादाला साधी चकती, एवढं ध्यानात ठेवा.

काय कापूच नये

रोटाव्हेटरचं एखादंच पातं लांब वाटलं म्हणून कापून बसवू नका. वजनाचा तोल जातो, बेअरिंग बोंबलतं. कडबा कुट्टीच्या पात्याला तर हात लावू नका, ते जड चाकावर फिरतं, सुटलं तर माणसाच्या अंगावर येतं. गाडीचे जुने शॉकॲबसॉर्बर आतल्या कडक दांडीसाठी कापतात, त्यात दाबाखाली तेल किंवा गॅस असतो, ते फुटू शकतं. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं चार इंची ग्राइंडरवर चढवून बांबू कापायची जी पद्धत पडत चालली आहे, ती बंद करा. दात अडकला की मशीन थेट मांडीवर किंवा गळ्यावर येतं. बांबूला करवत आहे, कोयता आहे.

डोळा एकच वेळा मिळतो

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतं. म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. म्हणून गार्ड. गावात दहा ग्राइंडर पाहिले तर किती गार्डसकट दिसतील, तुम्हीच आठवा. "गार्ड आडवा येते" म्हणतात. तो आडवा यायलाच बसवला आहे.

चकतीच्या मधल्या लोखंडी कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, त्यानंतर ती वापरायची नाही. चकती राळेने बांधलेली असते आणि ओल धरते. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या सालची, शेडात पडलेली, दमट झालेली चकती फेकून द्या. नवी चकतीही बंद डब्यात ठेवा, आणि लावल्यावर आधी मिनिटभर रिकामी फिरवून पाहा, तोंड बाजूला ठेवून.

चष्मा बाजूनेही झाकलेला हवा. ठिणगी म्हणजे जळता लोखंडाचा कण असतो. तो बुबुळात रुतला की भोवती गंज धरतो, आणि गंजाचं कडं डोळ्यात राहतं. आपल्याकडे असा कण रुमालाच्या टोकाने, सुईने, कोणी तर जिभेनेही काढतात. काढू नका, चोळू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी. आणि लोखंडाचा कण डोळ्यात गेल्याचं त्यांना सांगा.

आणखी एक, आपल्या जिल्ह्यांपुरतं. हे काम आपण करतो मे महिन्यात. अंगणात धानाचं तणीस रचलेलं असतं, कुंपणापलीकडे पालापाचोळा, त्यापलीकडे जंगल. ठिणगी चार-पाच मीटर सहज जाते आणि तणसात तासभर धुमसत राहू शकते. मोकळ्या, झाडलेल्या जागी कापा, ठिणग्यांचं तोंड भिंतीकडे ठेवा, पाण्याची बादली जवळ असू द्या आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. जंगलाला लागलेल्या आगीत कोणाची ठिणगी होती हे कोणी शोधत बसत नाही, पण जळतं ते आपल्याच मोहाखालचं आणि आपल्याच तेंदूचं.

लोहार गेला, गॅस आला

कोणी म्हणेल, लोहारही तापवूनच कापायचा की. बरोबर. लोहार पास लाल करायचा, छन्नी ठेवून घणाच्या दोन घावांत तोडायचा. पण त्यानंतर तो परत तापवायचा, धार काढायचा आणि पाणी द्यायचा. जे काढलं ते परत भरायचा. गॅस कटर फक्त काढतो, भरत काहीच नाही. दोन्हींत फरक आगीचा नाही, त्यापुढच्या कामाचा आहे, आणि ते पुढचं काम करणारा माणूस आपण गमावून बसलो आहोत. बलुतं गेलं, भाता गेला. पोरं कंपनीत किंवा रोजगाराला गेली. त्यांना मी दोष देत नाही. वर्षभराच्या कामाला पायलीभर धान देऊन आपणच कोणाला धरून ठेवलं नसतं.

ज्या भागात हे झालं, तो भाग लोखंडाचा आहे, हे मला जास्त लागतं. चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाने लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेदजी टाटांच्या वाचण्यात आला होता. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाचं नाव होतं, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. कोळसा कामाचा निघाला नाही, कारखाना पुढे दुसरीकडे गेला. त्याच्याही आधीपासून इथले लोक लाकडी कोळशाच्या भट्टीत लोखंड गाळत होते. आज एटापल्लीत सुरजागडचा डोंगर खोदला जातो, कोनसरीला कारखाना उभा आहे. आणि आपल्याला साधी पास दोन इंच कमी करायची तर जाणकार माणूस सापडत नाही.

दुसरी गोष्ट धानाची. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या वाणाला एचएमटी हे नाव पडलं ते त्या काळच्या घड्याळावरून. ती एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, लेथ आणि मिलिंग मशीन बनवणारी सरकारी कंपनी. आपल्या भाताच्या नावात मशीन टूल आहे. गावात मात्र एक धड व्हाइस नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. गावोगाव अवजार बँका झाल्या, शेतकरी कंपन्यांनी ट्रॅक्टर घेतले, रोटाव्हेटर घेतले. त्याच शेडात एक मजबूत टेबल, एक सहा इंची व्हाइस, गार्ड असलेलं ग्राइंडर, दोन चांगले चष्मे आणि एक छोटी भट्टी बसवा. एका रोटाव्हेटरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. तालुक्याच्या आयटीआयची दोन पोरं आणि जुन्या लोहारांपैकी जे कोणी हयात आहेत त्यांतला एक, यांना मे महिन्यात आठ दिवस तिथे बसवा, रोजी द्या. सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रांनी बियाणं आणि खताच्या शिबिराबरोबर अवजाराच्या धारेचाही एक दिवस ठेवावा. तणनाशकावर आपण तासन्‌तास बोलतो. पाशीच्या कोपऱ्यावर पंधरा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

मृगाला अजून वेळ आहे. तोवर आपापल्या डवऱ्याची पास काढा, कोपऱ्यावर आणि मधोमध कानस फिरवून पाहा. मधे घसरते आणि कोपऱ्यात चावते, असं दिसलं तर तुमच्या कोपऱ्याचं पाणी उतरलं आहे. तेवढा भाग थंड कापून टाका, किंवा पाणी देणारा माणूस शोधून परत पाणी द्या. पास अर्धा इंच आखूड झाली तरी कडक कोपऱ्याची पास मऊ कोपऱ्याच्या लांब पाशीपेक्षा जास्त दिवस काम देते.

काळजी घ्या, गार्ड लावा. राम राम.